लॉस एंजेलिसमधली एक रात्र: द गेम अवॉर्ड्स, डिसेंबर 2024

विमानतळावरून ‘फ्लायअवे’ची बस पकडून युनियन स्टेशन, तिथून मेट्रोची ए लाइन, आणि पाचवं स्टेशन पिको. लॉस एंजेलिसमध्ये स्वतःची गाडी नसेल तर माणूस अडकून पडतो, असं सगळे सांगतात. बऱ्याच अंशी ते खरंही आहे. पण द गेम अवॉर्ड्स या व्हिडिओ गेम्सच्या पुरस्कार सोहळ्यासाठी जाणाऱ्याला त्याची झळ लागत नाही. जून 2023 मध्ये डाउनटाउनच्या खालून नवा बोगदा सुरू झाला आणि युनियन स्टेशनवरून गाडी न बदलता पिकोपर्यंत येता यायला लागलं. तिकीट 1.75 डॉलर. सेव्हन्थ स्ट्रीट सोडलं की गाडी बोगद्यातून वर उजेडात येते, उघड्या फलाटावर आपण उतरतो आणि थोडं चाललं की हा सोहळा होतो ते पीकॉक थिएटर.

हे थिएटर 2007 साली उघडलं तेव्हा त्याचं नाव नोकिया थिएटर होतं. पुढे ते मायक्रोसॉफ्ट थिएटर झालं आणि 2023 पासून पीकॉक. साधारण 7,100 प्रेक्षक बसतील एवढं मोठं आहे, आणि एमी पुरस्कारांचे सोहळेही इथे झाले आहेत. समोर क्रिप्टो डॉट कॉम अरीना, म्हणजे जुनं स्टेपल्स सेंटर. त्याच्या बाहेर मॅजिक जॉन्सन, करीम अब्दुल-जब्बार यांचे पुतळे आहेत आणि कोबी ब्रायंटचा नवा पुतळा. बास्केटबॉलसाठी आलेले लोक त्या पुतळ्यांपाशी फोटो काढत होते. त्यांच्यामधून वाट काढत, हातात थर्माकोलच्या तलवारी आणि डोक्यावर सोनेरी शिंगं घेतलेली मुलं थिएटरकडे चालली होती, आणि कुणालाच कुणाचं नवल वाटत नव्हतं.

तारीख 12 डिसेंबर 2024, वार गुरुवार. हा सोहळा सुरू होऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती.

गेम्सना पुरस्कार देणारे बरेच आहेत. लंडनचा बाफ्टा आहे, 1983 पासून चालत आलेला गोल्डन जॉयस्टिक आहे, आणि गेम बनवणाऱ्यांनीच गेम बनवणाऱ्यांना निवडायचं असे गेम डेव्हलपर्स चॉइस अवॉर्ड्स आहेत. जाणकारांना विचारलं तर त्यातले काही जास्त मानाचे वाटतील. पण जगभरातले खेळाडू ज्या रात्री जागतात ती रात्र हीच. आयोजकांच्या आकडेवारीनुसार 2014 साली थेट प्रक्षेपणाला 19 लाख प्रेक्षक मिळाले होते, 2023 मध्ये हा आकडा 11 कोटी 80 लाखांवर गेला. मीही ते वर्षानुवर्षं स्क्रीनवर बघत आले. एकदा तरी त्या हॉलमध्ये बसून बघायचं, हे कधीचं मनात होतं.

सकाळ मोकळी होती म्हणून डाउनटाउन पायी फिरले. ज्यांनी जीटीए फाइव्ह खेळला आहे त्यांना या फिरण्यातली मजा वेगळी सांगायला नको. त्यातलं लॉस सँटोस म्हणजे हेच शहर. यू. एस. बँक टॉवरच्या पायथ्याशी उभं राहून वर बघितलं आणि गेममधला मेझ बँक टॉवर ओळखीच्या माणसासारखा भेटला. डोंगरावरची ग्रिफिथ वेधशाळा, सांता मोनिकाचा धक्का, सगळं आधी हातातल्या कंट्रोलरने फिरून झालेलं. ब्रॉडवेवर ब्रॅडबरी बिल्डिंग आहे, 1893 सालची. आतला लोखंडी जिना आणि छतातून झिरपणारा उजेड बघायला आत जाऊ देतात, पण तळमजल्यापुरतंच. समोर ग्रँड सेंट्रल मार्केट, त्याच्या मागच्या बाजूला रस्ता ओलांडला की एंजल्स फ्लाइटचे दोन नारिंगी डबे टेकडीवर चढ-उतार करत असतात. एल. ए. नॉयर या गेममध्ये 1947 सालचं हे डाउनटाउन जुन्या छायाचित्रांवरून बांधून काढलं होतं. ते ज्यांनी बांधलं त्यांनी यातल्या कितीतरी पाडून टाकलेल्या इमारतींना पुन्हा पत्ता मिळवून दिला. गेमकडे करमणूक म्हणून बघणाऱ्यांना मी नेहमी हे उदाहरण देते. शहराची आठवण जपायचं काम एखादं संग्रहालय करतं, तसंच एखादा गेमही करू शकतो.

दुपारी थिएटरकडे येताना मुद्दाम कन्व्हेन्शन सेंटरवरून वळसा घेतला. हिरवट काचांच्या त्या उंच दालनांमध्ये 1995 साली पहिलं ई-थ्री भरलं. मधली काही वर्षं सोडली तर गेमच्या धंद्यातली जगातली सगळ्यात मोठी जत्रा इथेच भरायची. नवीन कन्सोल म्हणजे गेम खेळायची यंत्रं, नवीन गेम, पहिली झलक, सगळं इथे. 2019 नंतर माणसांनी भरलेलं ई-थ्री झालंच नाही. आणि ते कायमचं बंद झाल्याची घोषणा झाली ती 12 डिसेंबर 2023 ला. मी तिथे उभी होते त्याला बरोबर एक वर्ष झालं होतं. शेजारच्या थिएटरबाहेर रांग लागलेली, आणि ज्या घोषणांसाठी लोक पूर्वी कन्व्हेन्शन सेंटरमध्ये धावत यायचे त्यातल्या बऱ्याच आता या पुरस्कारांच्या रात्री होतात. हा सोहळा असा का आहे, अर्धा सत्कार आणि अर्धी जाहिरात, याचं निम्मं उत्तर त्या दोन इमारतींच्या मधल्या रस्त्यावर मिळतं.

उरलेलं निम्मं उत्तर म्हणजे जेफ कीली. 1994 साली अमेरिकेत ‘सायबरमेनिया’ नावाचा गेम पुरस्कारांचा कार्यक्रम टीव्हीवर दाखवला गेला. त्यासाठी निवेदकांची वाक्यं लिहिणाऱ्यांत हा कॅनडाचा शाळकरी मुलगा होता. पुढे स्पाइक वाहिनीचे गेम पुरस्कार आले, त्यांतही तो होता. ती वाहिनी मागे हटली तेव्हा त्याने स्वतःचे पैसे घातले आणि 2014 मध्ये लास वेगासला पहिला गेम अवॉर्ड्स भरवला, टीव्ही वाहिनीशिवाय, थेट इंटरनेटवर. पुढच्या वर्षीपासून मुक्काम लॉस एंजेलिसला. एका माणसाच्या हट्टातून उभी राहिलेली ही गोष्ट आहे, आणि तिचे गुणदोषही बरेचसे त्या एका माणसाच्या आवडीनिवडीचे आहेत.

रांगेत माझ्या पुढे एक बाई होती. वय तिशीच्या पुढचं, जीन्सच्या जाकिटाच्या कॉलरवर गेम्सच्या छोट्या पिना ओळीने लावलेल्या. बोलता बोलता कळलं की ती टेस्टर आहे. म्हणजे होती. एका मोठ्या गेमसाठी तिने कित्येक महिने एकच काम केलं होतं: पात्राला भिंतीला घासत चालवायचं. प्रत्येक भिंत, प्रत्येक कोपरा, प्रत्येक पायरी. कुठे पात्र भिंतीत रुततं, कुठे जमिनीतून खाली पडतं, ते शोधून लिहून ठेवायचं. एका तळघराच्या जिन्याबद्दल ती इतक्या बारकाईने बोलत होती की तो जिना मला दिसायला लागला. चौथ्या पायरीवर डावीकडे सरकून उडी मारली की पात्र थेट पोकळीत जायचं. ती चूक हिने पकडली. गेम बाजारात येण्याच्या काही महिने आधी तिची नोकरी गेली. आणि गेम संपल्यावर जी नामावली सरकत जाते तीत तिचं नाव नाही.

हे मला ऐकून माहीत होतं, पण ज्याच्या बाबतीत झालं तो माणूस पहिल्यांदाच समोर होता. चित्रपटांत नामावलीचे नियम संघटनांनी भांडून मिळवले आहेत. गेममध्ये अजून ते बऱ्याच ठिकाणी कंपनीच्या मर्जीवर चालतं. प्रदर्शनाच्या दिवशी जो नोकरीत नाही त्याचं नाव गळू शकतं, मग त्याने कितीही वर्षं खपून काम केलेलं असो. मी तिला विचारलं, तरीही इथे यावंसं वाटलं? तिने सांगितलं की एका मैत्रिणीकडे जास्तीचं तिकीट होतं, आणि आपल्या माणसांसाठी टाळ्या वाजवायला कुणीतरी हवं की नाही.

डिसेंबरात तिथे पावणेपाचला सूर्य मावळतो. आम्ही सुरक्षा तपासणीतून आत गेलो तेव्हा आभाळ केशरी झालं होतं.

माझी जागा वरच्या मजल्यावर. थिएटर एवढं मोठं असूनही कुठलीही खुर्ची रंगमंचापासून 220 फुटांपेक्षा लांब नाही, असं ते लोक सांगतात, आणि वरून खरंच सगळं स्वच्छ दिसत होतं. उलट खाली बसलेल्यांना जे दिसत नाही ते वरून दिसतं. खालच्या पुढच्या रांगा गेम बनवणाऱ्या स्टुडिओंच्या. एकेका गेमची माणसं घोळक्याने बसलेली. कॅमेरा फक्त दिग्दर्शकाच्या चेहऱ्यावर जातो. वरून अख्खा घोळका दिसतो. नामांकनं वाचायला सुरुवात झाली की तीस-चाळीस माणसं एकदम पुढे सरकून बसतात, एकमेकांचे हात धरतात. ही गोष्ट प्रक्षेपणात कधीच दिसली नव्हती. मला तर वाटतं, तिकिटाचे पैसे तिथेच वसूल झाले.

निवड कशी होते तेही सांगते, कारण दरवर्षी यावरून वाद होतात. जगभरातल्या शंभराहून अधिक प्रसारमाध्यमांचं परीक्षक मंडळ असतं. बहुतेक विभागांत त्यांच्या मताला 90 टक्के वजन आणि लोकांच्या मताला 10 टक्के. ‘प्लेयर्स व्हॉइस’ हा एक पुरस्कार मात्र संपूर्ण लोकांच्या मतावर. नोव्हेंबरात एक तारीख ठरते, त्यानंतर आलेले गेम पुढच्या वर्षात जातात. 2024 मध्ये इंडियाना जोन्सचा नवा गेम डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात आला आणि त्यामुळे त्या वर्षीच्या यादीत बसला नाही. वर्षातल्या सर्वोत्तम गेमसाठी सहा नामांकनं होती: ॲस्ट्रो बॉट, बालात्रो, ब्लॅक मिथ: वुकाँग, एल्डन रिंगचा शॅडो ऑफ द अर्डट्री, फायनल फँटसी सेव्हन रीबर्थ आणि मेटाफर: रीफँटाझिओ. अर्डट्री हा स्वतंत्र गेम नाही, जुन्या गेमची पुरवणी आहे, त्यामुळे तिला नामांकन देण्यावरून भरपूर धुरळा उडाला. माझं मत विचाराल तर ती पुरवणी कितीतरी पूर्ण गेम्सपेक्षा मोठी आणि घडीव आहे. पण मग पुरवण्यांसाठी वेगळा विभाग करा. नव्या गेमची जागा त्यात जायला नको.

माझ्या उजवीकडे चार-पाच चिनी विद्यार्थी होते. प्रत्येकाच्या कपाळावर वुकाँगचं, म्हणजे चिनी कथेतल्या वानरराजाचं, सोनेरी कडं. ऑगस्ट 2024 मध्ये ब्लॅक मिथ आला आणि पहिल्या तीन दिवसांत त्याच्या एक कोटी प्रती खपल्या. चीनमधून एवढ्या ताकदीचा, एकट्याने खेळायचा मोठा गेम यापूर्वी आला नव्हता. त्या मुलांना मी सांगितलं की आमच्याकडेही एक वानरवीर आहे, डोंगर उचलणारा, समुद्र ओलांडणारा. त्यातल्या एकीला हनुमान माहीत होता. मग आमची गट्टी जमली. ब्लॅक मिथला सर्वोत्तम ॲक्शन गेमचा पुरस्कार मिळाला तेव्हा ती सगळी एकदम उभी राहिली. पुढे लोकांच्या मतांचा पुरस्कारही त्यालाच मिळाला.

घरी बसून बघताना एक गोष्ट खटकायची, ती हॉलमध्ये जास्तच खटकली. पुरस्कारांपेक्षा ट्रेलर जास्त. मध्येच निवेदक चार-पाच विभागांचे विजेते एका दमात वाचून टाकतो, कुणी मंचावर येत नाही, टाळ्या संपायच्या आत पुढचा ट्रेलर सुरू. 2023 साली तर विजेत्यांना जेमतेम अर्धं मिनिट मिळत होतं आणि समोरच्या पडद्यावर ‘आवरतं घ्या’ अशी सूचना झळकायची. त्यावर बरीच टीका झाली. 2024 मध्ये सुधारणा स्पष्ट जाणवली, विजेते श्वास घेऊन बोलत होते. पण जे विभाग घाईत वाचून उडवले जातात त्यांचं काय? तिथेच तर खरं काम असतं.

एक उदाहरण देते. गेम सर्वांना खेळता यावा यासाठीच्या नव्या कल्पनांचा पुरस्कार 2020 पासून आहे. या वेळी तो प्रिन्स ऑफ पर्शिया: द लॉस्ट क्राउनला मिळाला. या गेममध्ये एक साधी सोय आहे. चक्रव्यूहासारख्या त्या किल्ल्यात फिरताना एखादं दार उघडत नसेल, तर त्या जागेचं चित्र काढून थेट नकाशावर चिकटवून ठेवायचं. दहा तासांनी हातात किल्ली आली की नकाशा उघडायचा, चित्र बघायचं, तिकडे जायचं. ज्याची स्मरणशक्ती साथ देत नाही त्याच्यासाठी हा आधार, आणि ज्याला दिवसभराच्या कामानंतर अर्धा तासच खेळायला मिळतो त्याच्यासाठीही. असं काही सुचायला खेळणाऱ्याबद्दल आतून माया लागते. आणि हा पुरस्कार मिळाला तोवर ज्यांनी तो गेम बनवला तो संघच एकत्र राहिला नव्हता. विक्री अपेक्षेइतकी झाली नाही म्हणून माणसं वेगवेगळ्या प्रकल्पांवर पाठवली गेली होती.

तरी ट्रेलरना सरसकट नावं ठेवणार नाही. द विचर फोरचा ट्रेलर लागला आणि पडद्यावर त्या मालिकेतली सिरी दिसली तेव्हा हॉलमध्ये जो आवाज उठला तो मी जन्मात विसरणार नाही. ओकामीच्या पुढच्या भागाची घोषणा झाली तेव्हा माझ्या मागच्या रांगेतला एक दणकट माणूस हमसून हमसून रडत होता. मूळ ओकामी 2006 सालचा. शाईच्या कुंचल्याने काढल्यासारखा, लांडग्याच्या रूपातल्या सूर्यदेवतेचा गेम. समीक्षकांनी डोक्यावर घेतला, पण खपला नाही. ज्यांनी तो तेव्हा खेळला त्यांनी अठरा वर्षं वाट बघितली होती. फुमितो उएदा आणि जोसेफ फारेस हे दिग्दर्शक, नॉटी डॉग हा स्टुडिओ, सगळ्यांचं नवं काही ना काही होतं. हा उत्साह खरा आहे, आणि मोफत दिसणारा एवढा मोठा कार्यक्रम जाहिरातींवरच उभा आहे, हेही कळतं. माझं म्हणणं एवढंच की पुढच्या वर्षीच्या गेमसाठी तीन मिनिटं असतील, तर या वर्षीच्या गेमसाठीही असावीत.

काही क्षण मात्र मनासारखे लांबले. सेन्युआज सागा: हेलब्लेड टू मधल्या भूमिकेसाठी मेलिना युर्गेन्सला सर्वोत्तम अभिनयाचा पुरस्कार मिळाला. ही मुळात त्या स्टुडिओत व्हिडिओ संपादनाचं काम करायची. पहिल्या गेमच्या वेळी नटी मिळेपर्यंत चाचणीपुरती कॅमेऱ्यासमोर उभी राहिली, आणि सगळ्यांच्या लक्षात आलं की दुसरी कुणी शोधायची गरजच नाही. 2017 मध्ये तिने हाच पुरस्कार घेतला होता. मनोविकाराशी झुंजणारी, कानात सतत आवाज ऐकणारी ती सेन्युआ हेडफोन लावून खेळलेल्यांना कळेल की हा अभिनय किती अवघड आहे.

बालात्रोला सर्वोत्तम इंडी (मोठ्या कंपनीशिवाय स्वतंत्रपणे बनवलेला गेम), सर्वोत्तम पदार्पण आणि सर्वोत्तम मोबाइल गेम असे तीन पुरस्कार मिळाले. पोकरच्या पत्त्यांवर रचलेला हा गेम मुख्यतः एका माणसाने बनवला आहे. तो ‘लोकलथंक’ या नावाने वावरतो आणि त्याने खरी ओळख सांगितलेली नाही. शेकडो माणसांच्या, प्रचंड खर्चाच्या गेम्सच्या पंगतीत हा एकट्याचा गेम वर्षातल्या सर्वोत्तम सहांमध्ये होता.

पदार्पणाच्या या विभागाचं आणखी एक कारणाने मला अप्रूप. 2020 मध्ये इथे पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सच्या ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ला नामांकन होतं. पुरस्कार फॅस्मोफोबियाला गेला. पण ते कोविडचं वर्ष. सोहळा लॉस एंजेलिस, लंडन आणि टोकियोतल्या स्टुडिओंमधून प्रेक्षकांविना झाला. राजीच्या माणसांना या खुर्च्यांत घोळक्याने बसून आपल्या गेमचं नाव ऐकता आलं नाही. वरून खाली बघताना हे सारखं मनात येत होतं.

त्या रात्रीचा माझ्या दृष्टीने सर्वांत मोठा क्षण ट्रेलरचाही नव्हता आणि गेमचाही नव्हता. पहिल्यांदाच ‘गेम चेंजर’ नावाचा पुरस्कार दिला गेला आणि तो मिळाला आमिर सतवत यांना. हे गेम बनवत नाहीत, गेमच्या धंद्यात व्यवसाय-विकासाचं काम करतात. 2023 आणि 2024 या दोन वर्षांत गेम उद्योगात हजारोंनी नोकऱ्या गेल्या, लागोपाठ दोन्ही वर्षी दहा हजारांच्या वर. त्या काळात यांनी कुठे जागा रिकाम्या आहेत, कोण भरती करतंय, कोण मार्गदर्शन करायला तयार आहे, याचे तक्ते बनवून सगळ्यांना मोफत खुले केले. लोक जोडत गेले. त्यातून हजारो जणांना पुन्हा काम मिळालं. मंचावर ते बोलत होते तेव्हा त्यांचा आवाज कापत होता. नोकऱ्या गेलेल्यांबद्दल, त्यांना माणूस म्हणून वागवण्याबद्दल ते बोलले, आणि आधी वर्षभर ज्याची कुजबुज चालायची ते या मंचावरून उघड बोललं गेलं. खाली स्टुडिओंच्या रांगा उभ्या राहिल्या. मी वाकून शोधलं, पण एवढ्या गर्दीत ती टेस्टर काही दिसली नाही. टाळ्या मात्र बराच वेळ थांबल्या नाहीत, आणि त्या वेळी कुणीही ‘आवरतं घ्या’ म्हटलं नाही.

मग वाद्यवृंद. दरवर्षी वर्षातल्या सर्वोत्तम गेमची घोषणा होण्याआधी लॉर्न बाल्फ यांच्या संचालनाखाली सगळ्या नामांकित गेम्सचं संगीत एकत्र गुंफून वाजवतात. 2022 मध्ये याच वाद्यवृंदातले बासरीवादक पेद्रो युस्ताश अंगात आल्यासारखे वाजवत होते आणि रातोरात जगभर लाडके झाले. हॉलमध्ये हे ऐकणं म्हणजे पोटात ढोल वाजल्यासारखं. मेटाफरमधलं मंत्रपठणासारखं वेगवान गायन, फायनल फँटसीची तीस वर्षं ओळखीची झालेली धून, अर्डट्रीचा गंभीर कोरस, आणि त्यांच्यामध्ये बालात्रोची ती झोके घेणारी, रात्री दोन वाजेपर्यंत खेळवत ठेवणारी साधी धून पूर्ण वाद्यवृंदातून. लोक हसायला लागले आणि हसता हसता टाळ्या वाजवायला लागले. पडद्यावर गेम्सची दृश्यं सुरू होती, पण मी वादकांकडेच बघत होते. त्या सात-आठ मिनिटांत कुणीही काही विकत नव्हतं.

सर्वोत्तम गेमची घोषणा करायला आले स्वेन विंके, आदल्या वर्षी बाल्डर्स गेट थ्रीसाठी हाच पुरस्कार घेऊन गेलेले. तेव्हा ते चिलखत घालून आले होते. या वेळी त्यांनी एक भविष्यवाणी सांगितली: पुढच्या वर्षी हा पुरस्कार कुणाला मिळेल? ज्या स्टुडिओने आपल्याला स्वतःला खेळायला आवडेल असा गेम बनवला त्याला. बाजारातला हिस्सा वाढवायला किंवा तिमाहीचे आकडे गाठायला नव्हे. ज्यांनी आपल्या माणसांना ताळेबंदातले आकडे मानलं नाही, खेळणाऱ्याला लुबाडलं नाही, त्यांना. अर्ध्या भाषणात हॉलमध्ये शिट्ट्या सुरू झाल्या. समोर मोठमोठ्या कंपन्यांचे अधिकारी बसलेले असताना हे बोलायला धैर्य लागतं, आणि ज्याने स्वतः तसं करून दाखवलं आहे त्याच्या तोंडी ते शोभतंही.

पुरस्कार ॲस्ट्रो बॉटला. उजवीकडची चिनी मुलं क्षणभर खट्टू झाली. मग त्यातल्या हनुमान माहीत असलेल्या मुलीने उभं राहून टाळ्या वाजवल्या आणि बाकीचेही उठले.

ॲस्ट्रो बॉट सोनीच्या टोकियोतल्या टीम असोबीचा. साठ-पासष्ट जणांचा स्टुडिओ, आजच्या मानाने लहानसा. छोटासा पांढरा रोबो उड्या मारत दुनिया फिरतो, एवढंच कथानक. पण प्रत्येक पावलाचा आवाज वाळूवर वेगळा, काचेवर वेगळा, गवतावर वेगळा, आणि तो फरक हातातल्या कंट्रोलरच्या थरथरीतही जाणवतो. एकेका टप्प्यासाठी नवी युक्ती सुचवायची, ती मनसोक्त खेळवायची आणि कंटाळा यायच्या आत सोडून द्यायची, ही शिस्त फार थोड्यांना जमते. दिग्दर्शक निकोला दूसे यांनी भाषणात 1989 सालची आठवण सांगितली, लहानपणी घरी आलेल्या कन्सोलवर खेळलेल्या उड्या मारायच्या गेमची. कंपनीचं नाव घेतलं नाही, पण ते निंटेंडोबद्दल बोलतायत हे हॉलमधल्या पोराटोरांनाही कळलं. सोनीच्या गेमला मिळालेला पुरस्कार हातात घेऊन प्रतिस्पर्ध्याचे आभार. मला हे फार आवडलं. कन्सोलवरून एकमेकांशी भांडणाऱ्यांनी ते भाषण शोधून ऐकावं. ॲस्ट्रो बॉटला त्या रात्री एकूण चार पुरस्कार मिळाले.

बाहेर पडायला बराच वेळ लागला, पण कुणाला घाई नव्हती. पटांगणात लोक गट करून उभे राहून वाद घालत होते. मेटाफरला मिळायला हवा होता की नाही, विचर यायला अजून किती वर्षं लागतील. वाद घालणाऱ्यांत मीही होते, आणि मेटाफरच्या बाजूने होते. सर्वोत्तम कथा, सर्वोत्तम कलादिग्दर्शन आणि सर्वोत्तम आरपीजी (पात्राची भूमिका घेऊन खेळायचा गेम) असे तीन पुरस्कार त्याला मिळाले, तरी माझं समाधान झालेलं नाही.

जायचं मनात असेल तर थोडी माहिती. सोहळा साधारण डिसेंबरच्या पहिल्या किंवा दुसऱ्या गुरुवारी असतो. सर्वसामान्यांसाठी तिकिटं त्याच्या काही आठवडे आधी खुली होतात आणि पटकन संपतात, त्यामुळे घोषणेवर लक्ष ठेवा. वरच्या मजल्याची तिकिटं घ्या, स्वस्तही असतात आणि स्टुडिओंचे घोळके तिथूनच दिसतात. मोठी बॅग नेऊ नका. आत गारवा असतो, स्वेटर ठेवा. कार्यक्रम साडेतीन तासांच्या वर चालतो आणि थेट प्रक्षेपण असल्यामुळे मध्ये उठून जायचं तर जाहिरातींच्या वेळातच. आधी पोटभर खाऊन जा. परतीला पिकोहून मेट्रो रात्री उशिरापर्यंत मिळते. आणि भारतातून बघणार असाल तर शुक्रवारी सकाळी सहाला सुरू होतो, पहिला अर्धा तास पूर्वरंगाचा. तो चुकवू नका, बरेचसे छोटे गेम तिथेच भेटतात.